पावसाळ्यातलं बाळ आणि लंगोटांचं गणित

ओली दोरी | सोमवार, रात्री ९:१२
ठाण्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीला ग्रिल, ऊन दुपारी दोननंतर आणि तेही ढगांच्या मर्जीने. बाळाची तारीख जुलैचा दुसरा आठवडा. वॉशिंग मशीन आहे, ड्रायर नाही. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो पहिले तीन महिने सुती लंगोटच, डायपर फक्त दवाखान्यात जाताना. दुसरा म्हणतो, वाळणार कुठे? मला भांडण मिटवायचं नाहीये, आकडे हवेत. लंगोट किती, दुपटी किती, दिवसाला किती निघतात, वाळायला किती तास धरायचे आणि वाळलेच नाहीत तर काय करायचं? "आमच्या वेळी"ने सुरू होणारे प्रतिसादही चालतील, फक्त शेवटी आकडा द्या.

पाटावरवंटा | सोमवार, रात्री ९:२०
इतके शिवा की मोजायची वेळच येऊ नये.

त्रैराशिक | सोमवार, रात्री ९:४८
पहिले दोन दिवस हिशेबात धरू नका, तेव्हा बाळ शू फार थोडी करतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला दूध उतरलं की गाडी वेग घेते. आठवडा संपेपर्यंत दिवसाला पंधरा-वीस वेळा शू आणि पाच-सात वेळा शी. बरेचदा दोन्ही एकाच खेपेत उरकतं, म्हणून दिवसाला २० लंगोट धरा.

आता सूत्र: रोजचे लंगोट गुणिले (वाळायचे दिवस अधिक एक). तो "अधिक एक" म्हणजे आज अंगावर असलेले आणि बादलीत पडलेले. उन्हाळ्यात सकाळी धुतलेल्यांच्या दुपारी घड्या होतात, तेव्हा २५-३० मध्ये भागतं. जुलैत वाळायला एक दिवस धरला तर ४०, दोन धरले तर ६०. म्हणजे आकडा बाळावर नाही, दोरीवर ठरतो. साठ शिवायच्या आधी दोरीचं बघा.

जुनी नऊवारी | सोमवार, रात्री १०:१५
मुळात शिवताय कशाला? नाड्या लावलेला दुहेरी त्रिकोणी लंगोट दिसतो छान, पण शिवणीत आणि नाडीच्या गाठीत पाणी धरून ठेवतो. बाकीचा वाळला तरी तेवढाच भाग ओला राहतो आणि वास तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यासाठी एकेरी चौकोन कापा. अंगावर घडी घातली की चौपदरी, दोरीवर उलगडला की एकपदरी.

माप २२ इंच बाय २२ इंच. तिरका दुमडला की लांब कड ३१ इंचांची होते. नवजात बाळाच्या कमरेचा घेर १२ ते १४ इंच, म्हणजे एक वेढा घालून गाठीला भरपूर उरतं. ही लांब कड आधी चार बोटं खाली दुमडायची म्हणजे बुडाशी जाड पट्टा येतो, मग बाळ त्यावर ठेवायचं, टोक पायांमधून पुढे आणि दोन्ही बाजू त्यावर. गाठ पोटावर आणि नाळेच्या खाली. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण ५ ते १५ दिवस, तिच्यावर कापड येता कामा नये. ती कोरडी आणि उघडी राहिली तरच वेळेत पडते. तिला हळद, तेल, पावडर, काही नको.

नऊ वार म्हणजे ३२४ इंच, पन्हा ४५ धरला तर एका साडीत २२ इंची २८ चौकोन. दोन साड्यांत काम फत्ते.

खारीकबदाम | सोमवार, रात्री १०:३१
कागदावर २८. प्रत्यक्षात जुनी साडी बसायच्या जागी विरलेली असते, निऱ्यांच्या टोकाला फाटलेली असते आणि काठ काढावेच लागतात, कारण काठाची कड मांडीला काचते. १८-२० मिळाले तरी देव पावला. साडी सुतीच हवी. "कॉटन मिक्स" म्हणून मिळते ती शू शोषत नाही, नुसती वाहू देते. धोतर मिळालं तर सगळ्यात उत्तम: पांढरं, मऊ आणि डाग लगेच दिसतो. नवं मलमल घेणार असाल तर कापायच्या आधी दोनदा धुवा. त्यात खळ असते, तोवर ते पाणी पीत नाही आणि नंतर आटतंही.

जुनी नऊवारी | सोमवार, रात्री १०:३४
मान्य. दोन नाही, तीन साड्या.

चुटपुट | सोमवार, रात्री ११:०५
त्रैराशिक वीस म्हणतात, दवाखान्यात मात्र "दिवसाला सहा ओले झाले पाहिजेत" असं सांगतात. नेमकं काय?

नवजात विभाग | मंगळवार, सकाळी ७:२२
दोन्ही बरोबर आहेत, मोजायची वस्तू वेगळी आहे. सहा हा दूध पुरेसं मिळतंय की नाही ते ओळखायचा किमान आकडा: पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा वेळा चांगला ओला. त्याआधी पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असं चढत जातं. वीस हा धुण्याचा आकडा, कारण लंगोटात प्रत्येक थेंबाला बदलावं लागतं.

पहिल्या आठवड्यात लंगोटावर काय दिसतं याकडे लक्ष ठेवा, कारण डायपरमध्ये यातलं निम्मं कळत नाही.

काळी, डांबरासारखी चिकट शी पहिले दोन दिवस. मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत मोहरी वाटल्यासारखी पिवळी, दाणेदार, पातळ. हे जुलाब नव्हेत. पाचव्या दिवशीही काळीच येत असेल तर दूध कमी पडतंय का ते तपासून घ्यायला हवं. काळ्या शीसाठी चांगले लंगोट काढू नका, चिंध्या वापरा आणि टाकून द्या. बुडाला आधीच खोबरेल लावून ठेवलं तर ती ओल्या कापसाने सहज निघते, नाहीतर घासत बसावं लागतं.

विटकरी-गुलाबी, भुकटीसारखा डाग: रक्त समजून घरं हादरतात. ते युरेटचे, म्हणजे शूतल्या क्षाराचे कण, शू घट्ट झाल्याची खूण. पहिले दोन-तीन दिवस चालतं. त्यानंतरही दिसलं तर दूध पोटात कमी जातंय, त्याच दिवशी दाखवा.

मुलींमध्ये पहिल्या आठवड्यात पांढरा चिकट स्राव किंवा रक्ताचा एखादा थेंब दिसू शकतो. आईची संप्रेरकं उतरल्यामुळे ते होतं आणि आपोआप थांबतं. पुसून काढायच्या नादात आत बोटं घालू नका.

चुटपुट | मंगळवार, सकाळी ७:४०
हे दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर लिहून का देत नाहीत?

पाणकळा | मंगळवार, सकाळी ११:१०
आता मूळ दुखण्याकडे, वाळवण्याकडे. कापड वाळायला तीन गोष्टी लागतात: त्यात आधीच पाणी कमी असणं, हलती हवा आणि त्या हवेत ओल घ्यायला जागा. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. जुलैत मुंबई-ठाण्यात हवा आधीच ओथंबलेली. दारंखिडक्या लावून आत वीस लंगोट टांगले की खोलीतली हवा आणखी ओली होते आणि पंखा तीच हवा गोल गोल फिरवत बसतो. रात्रभर पंखा चालवूनही सकाळी लंगोट गारच लागतात ते यामुळे.

पाणी: २२ इंची मलमलच्या वीस चौकोनांचं कोरडं वजन साधारण अर्धा किलो. हाताने पिळले तर जवळजवळ तेवढंच पाणी आत राहतं. मशीनमध्ये पूर्ण वेगाने स्पिन केलं तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून स्पिन दोनदा. मधे झाकण उघडून गोळा झालेले लंगोट मोकळे करायचे, कारण एका बाजूला गोळा झाला की मशीन वेगच घेत नाही.

हवा: छताच्या पंख्याखाली आडवी दोरी बांधली तर वाऱ्याचा झोत फक्त वरच्या कडेला लागतो. त्यापेक्षा टेबल फॅन जमिनीवर ठेवून, तोंड तिरकं वर करून झोत ओळींच्या मधून जाऊ द्या. दोन लंगोटांत चार बोटं अंतर. एकावर एक चढवलेले दोन लंगोट म्हणजे न वाळणारा एक लंगोट.

ओल बाहेर काढणं: पाऊस थांबलेला असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कोसळत असेल तर उलट खिडक्या बंद आणि एसी "ड्राय" मोडवर, दोन-तीन तास. एसी हवेतलं पाणी नळीतून बाहेर टाकतो, पंखा टाकत नाही. एसी नसेल तर संडास-बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून त्या दाराशी दोरी बांधा.

शेवटी इस्त्री. नव्वद टक्के वाळलेल्या लंगोटावर कॉटनच्या खुणेवर ठेवलेली गरम इस्त्री अर्धा मिनिट. वीस लंगोटांना दहा मिनिटं. पण पूर्ण ओल्यावर इस्त्री फिरवलीत तर वाफेची अंघोळ तुमची, वीज वाया आणि कापड तरीही ओलं.

वाळलाय का हे हाताने कळत नाही, हात स्वतःच गार असतो. लंगोट गालाला किंवा वरच्या ओठाला लावून बघा. गार लागला तर ओल आहे, घडी करू नका. एक ओला लंगोट घडीत गेला की सगळ्या चळतीला कुबट वास.

डब्लिनकर | मंगळवार, दुपारी ३:०२
आमच्याकडे बारा महिने पावसाळा, त्यामुळे घराघरात ड्रायर. एकच सांगतो: मऊपणासाठीचं द्रव्य किंवा ड्रायरमध्ये टाकायची सुगंधी पट्टी बाळाच्या लंगोटांना नको. ते धाग्यावर मेणासारखा थर देतं, मग कापड पाणी शोषत नाही. लोक म्हणतात "लंगोट जुने झाले, गळतात". जुने नसतात, तुपट झालेले असतात.

पाटावरवंटा | मंगळवार, दुपारी ३:१५
डब्लिनकर, तिकडचा पाऊस रिमझिम. रत्नागिरीत या, ड्रायरलाच बुरशी येईल. (हलके घ्या.)

माजघर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५
कोकणात पूर्वी यावर सोय होती. शेगडीत निखारे करायचे, वर राख पसरायची म्हणजे ज्योत येत नाही, आणि वर बांबूची मोठी टोपली पालथी. टोपलीवर लंगोट पसरायचे, थोड्या थोड्या वेळाने उलटायचे. राखेवर चिमूटभर ओवा, वावडिंग, उद घातला की धुरीही झाली. बाळाला न्हाऊ घातल्यावर त्याच शेगडीवर हात शेकून पोट, पाठ, तळपाय शेकायचे. एका शेगडीत तीन कामं. आता सगळ्यांना एसीचं बटण आठवतं, शेगडी नाही. आकडा मागितलात म्हणून: लंगोट चोवीस, टोपली एक.

निखारा | मंगळवार, संध्याकाळी ७:२०
माजघर काकू, टोपलीची युक्ती अस्सल आहे, पण ती कौलारू घरातली. कौलांच्या फटींतून धूर आणि कोळशाचा वायू वर निघून जायचा. स्लॅबच्या बंद खोलीत, पावसामुळे खिडक्या लावून, निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. बाळ-बाळंतीण दोघंही झोपल्यासारखी दिसतात. आणि धुराचं म्हणाल तर बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं, आपण १२ ते २०. एकाच धुरात त्याच्या वाट्याला वजनाच्या मानाने कितीतरी जास्त येतो.

माजघर | मंगळवार, संध्याकाळी ७:५५
धूर नको हे एकवेळ कबूल. पण पावसाळ्यात न्हालेलं बाळ गार पडतं, त्याचं काय? तुमच्या डिग्र्या शेकत नाहीत.

नवजात विभाग | मंगळवार, रात्री ८:३०
काकूंचा मुद्दा खरा आहे. बाळ गार पडणं ही पावसाळ्यातली खरी अडचण आणि ओला लंगोट हे त्याचं एक मोठं कारण. पोट आणि तळपाय दोन्हींना हात लावून बघा. पोट कोमट आणि पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजायला लागलीय, पोटही गार म्हणजे उशीर होतोय. उपाय शेगडी नाही, आईची छाती. लंगोट आणि टोपडं ठेवून बाळ उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर, वरून शाल. याहून चांगला शेक नाही आणि चटका बसत नाही.

अंघोळीची तयारी आधी: पंखा बंद, टॉवेल आणि झबलं हाताशी, पाणी ३७-३८ अंश (कोपर बुडवून ना गरम ना गार लागलं पाहिजे), सगळं पाच मिनिटांत आटपायचं. डोकं शेवटी धुवायचं आणि आधी पुसायचं. वजन अडीच किलोच्या आत असेल तर पहिले काही आठवडे नुसतं अंग पुसून घेणं बरं.

धुकट | मंगळवार, रात्री ८:४१
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ओली दोरी | मंगळवार, रात्री १०:०५
सगळं वहीत उतरवतेय. एक विचारायचं राहिलं. माळ्यावरच्या ट्रंकेत आधीच्या पिढीची दुपटी, कुंची, दोन गोधड्या आहेत. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घातलेल्या. त्या काढून एकदा धुतल्या की चालतील ना?

नवजात विभाग | मंगळवार, रात्री १०:१८
थांबा. या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. ते घन असतं पण त्याची सरळ वाफ होते आणि कापडात मुरते. जी-६-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) काही बाळांच्या रक्तात जन्मतः कमी असतं. मुलग्यांत जास्त, कारण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. अशा बाळाच्या नाकात किंवा कातडीतून ती वाफ गेली की तांबड्या पेशी फुटायला लागतात. त्यातून निघणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य नवजात यकृताला आवरत नाही आणि कावीळ झपाट्याने चढते, इतकी की मेंदूला इजा होऊ शकते. अंगाला तेल चोळलं असेल तर आणखी वाईट, कारण नॅफ्थलीन तेलात विरघळतं आणि कातडीतून जास्त आत जातं. आपल्याकडे बाळाला तेल लावून लगेच दुपट्यात गुंडाळतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम. आणि घरात कुणाला हा दोष आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

एका धुण्यात ते जात नाही. वास मेला म्हणून संपलं असंही नाही. आत्ता मे आहे, ऊन आहे: ट्रंक रिकामी करा, दुपटी गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन चार-पाच दिवस कडक उन्हात उलटसुलट करा. गोधडीच्या आतल्या थरांतलं निघत नाही, ती बाळासाठी काढूच नका. तरी जराही वास आला तर दुपटंही बाजूला. बाळाच्या कपाटात आणि बाळाच्या खोलीतल्या मोठ्यांच्या कपाटातही गोळ्या नकोत. न्हाणीघराच्या जाळीवर टाकतात त्याही नकोत.

बाळ घरी आल्यावर डोळे, अंग पिवळं दिसलं तर: जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत पोचला, किंवा बाळ प्यायला उठेना, तर त्याच तासाला दवाखाना. सकाळच्या कोवळ्या उन्हात धरणं हा काविळीवरचा उपचार नाही. पावसाळ्यात तर ऊनही नाही, त्यामुळे नुसता वेळ जातो.

खारीकबदाम | मंगळवार, रात्री १०:३०
बाप रे. मग गोळ्यांऐवजी कापूर?

नवजात विभाग | मंगळवार, रात्री १०:३६
नको. कापूर लहान बाळांना विषारी आहे, पोटात गेला तर झटके येतात. छातीला, टाळूला लावायचे कापराचे मलमही दोन वर्षांखाली नकोत.

जुनी नऊवारी | मंगळवार, रात्री १०:५०
कपडे पूर्ण वाळवून घट्ट तोंडाच्या प्लॅस्टिक पिशवीत भरा, झालं. हौसच असेल तर सुकवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून.

घडीबंद | बुधवार, सकाळी ९:१५
इतका वेळ गप्प होते. डायपरवाल्या तटाकडून दोन शब्द. बाळंतिणीचं शिवण ओलं, रात्री दर दोन तासांनी पाजणं, त्यात वीस वेळा लंगोट. रात्री १० ते सकाळी ६ डायपर लावला तर कुणाचा धर्म बुडत नाही. अटी अशा:

दर तीन-चार तासांनी बदला, शी झाली तर लगेच. नवजात मापाचा खोका एकदम भरू नका. बाळ दिवसाला २५-३० ग्रॅम वाढतं, दोन महिन्यांत ते माप लहान होतं. पुढची कड नाळेखाली दुमडा. मांडीच्या झालरी बोट फिरवून बाहेर काढा, आत राहिल्या तर हमखास गळती. ओला किती झाला ते कळत नसेल तर कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली पाणी ओतून हातात तोलून बघा. तेवढा जड म्हणजे नवजात विभागांच्या हिशेबातला "एक".

त्रैराशिक | बुधवार, सकाळी ९:४०
+१. रात्री तीन डायपर म्हणजे दिवसाचे लंगोट २० वरून १३-१४ वर. सूत्रात घातलं तर एका दिवसाच्या वाळवणीला २८, दोन दिवसांच्या वाळवणीला ४२.

माजघर | बुधवार, सकाळी १०:३०
डायपरने बूड लाल होतं त्याचं?

घडीबंद | बुधवार, सकाळी १०:५२
लंगोटानेही होतं, ओला राहिला किंवा साबण उरला तर. लाली कुठे आहे ते बघा. ढुंगणाच्या फुगीर भागावर आहे आणि जांघेची घडी स्वच्छ आहे: ओलीमुळे झालेली. कोमट पाण्याने धुवा, टिपून पुसा, दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं उघडं ठेवा आणि झिंक ऑक्साइडचं मलम साखरभातावर तूप सोडतात तसं सढळ. पुढच्या वेळी ते खरवडून काढू नका, फक्त वरची घाण पुसा. पण लाली घडीच्या आत भडक असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी. झिंकने जात नाही, डॉक्टरांकडून बुरशीनाशक मलम घ्या. पावसाळ्यात हीच जास्त. पावडर कुठल्याच प्रकारात नको, ती उडून श्वासात जाते.

झिंकचं मलम लावलं असेल तेव्हा लंगोटात एक चिंधी ठेवा. मलम कापडाला लागलं की डब्लिनकर म्हणतात तसा तुपट थर.

पाणकळा | बुधवार, सकाळी ११:२०
साबण उरण्यावरून: शी लागलेला लंगोट आधी गार पाण्याच्या धारेखाली, गरम पाण्यात नाही, गरमने डाग पक्का बसतो. मग अर्धा तास भिजत, मग मशीनमध्ये ६० अंश, पावडर नेहमीच्या निम्मी आणि जास्तीचं खंगाळणं. जंतुनाशक द्रव रोज ओतायची गरज नाही, ते कापडात राहिलं की कातडी चुरचुरते. पिवळा डाग राहिला तर राहू द्या. उघडीप मिळाली की ओला लंगोट दोन तास उन्हात टाका, डाग आपोआप उडतो.

लाल ठिपका | बुधवार, दुपारी १२:०५
डायपर वापरणाऱ्यांना विनंती: शी संडासात झटका, डायपर गुंडाळून चिकटपट्ट्यांनी बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही पद्धत रुजवली, म्हणजे पुडी उघडायच्या आधी आत काय आहे ते कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही डायपर वेगळे गुंडाळून द्यायची जबाबदारी घरावर टाकली. ओल्या कचऱ्यात टाकलेला डायपर शेवटी कुणीतरी हाताने उचलून वेगळा करतं.

धुकट | बुधवार, दुपारी १:३०
अवांतर: राईची उशी पावसाळ्यात चालते का? डोकं गोल होण्यासाठी.

पाटावरवंटा | बुधवार, दुपारी १:३३
भिजली तर मोड येतील. उसळ करा.

नवजात विभाग | बुधवार, दुपारी २:१०
कुठल्याच ऋतूत उशी नको. बाळ पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर, तोंडाजवळ काही मऊ नाही. डोकं गोल व्हायला जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, पोटावर पालथं ठेवायचं. पावसाळ्यात एवढीच भर: डासांसाठी मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. अगरबत्ती-कॉइलचा धूर नको. आणि कपड्यांची दोरी बाळाच्या अंथरुणावरून नको.

जुनी नऊवारी | बुधवार, दुपारी ३:४५
एक धाग्याची गोष्ट, शब्दशः. एकेरी चौकोनाच्या कडा दुमडून शिवल्या नाहीत तर दोरे सुटतात. सुटलेला दोरा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलग्याच्या शूच्या जागी गुंडाळला जातो, काचतो आणि पुढचा भाग सुजून लाल-निळा होतो. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल तर मोजे-हातमोजे काढून एकेक बोट बघा. काचलेला दोरा सुजेत दिसेनासा झाला असेल तर घरी ओढत बसू नका, दवाखान्यात जा. कडांना बारीक दुमड घाला, हातमोजे उलटे करून आतले दोरे कापा.

ओली दोरी | बुधवार, रात्री ९:३०
ट्रंक रिकामी केली. गोधड्या बाद, दुपटी उद्यापासून गच्चीत. लंगोटांचं ठरलं: रात्री डायपर, ४२ चौकोन आणि चिंध्या वेगळ्या. पण दुपट्यांचा आकडा कुणीच दिला नाही!

खारीकबदाम | बुधवार, रात्री ९:५०
मीटर बाय मीटरची, एकेरी, दहा. पण खरी युक्ती वेगळी. दुपटं वाळायला लंगोटाच्या दुप्पट वेळ घेतं, म्हणून ते भिजूच देऊ नका. दुपट्याच्या आत, बुडाखाली, हातरुमालाएवढी दुहेरी चिंधी ठेवा, भिजली तर तीच बदला. अशा पंधरा. गुंडाळताना वरून घट्ट, खाली सैल: बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले राहिले पाहिजेत. सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो.

त्रैराशिक | बुधवार, रात्री १०:०२
म्हणजे दोरीवर रोज १४ लंगोट, ८-१० चिंध्या, तीन-चार दुपटी. जागा मोजा.

पाटावरवंटा | बुधवार, रात्री १०:०४
म्हणजे शेवटी मोजायची वेळ आलीच.

ओली दोरी | बुधवार, रात्री १०:११
मोजली. छताला वर-खाली होणारे सहा दांडे लावता येतील, प्रत्येकी सहा फूट. पुरतील?

पाणकळा | बुधवार, रात्री १०:२५
सहा फूट म्हणजे ७२ इंच. २२ इंची चौकोन, मधे अंतर सोडून, दांड्यावर तीन. पाच दांड्यांवर पंधरा, म्हणजे लंगोट झाले. चिंध्या लंगोटांच्या मधल्या जागेत कोंबू नका, त्या क्लिपांच्या गोल हँगरला. दुपट्यांना सहावा दांडा पुरणार नाही, त्यांना वेगळी दोरी बांधा, टेबल फॅनच्या झोतात. आणि स्टँड बसवणाऱ्याला सांगा, दोऱ्या ओढायचा हुक भिंतीच्या त्या बाजूला लाव जिथून बाळंतिणीला हात वर ताणावा लागणार नाही.

ओली दोरी | बुधवार, रात्री १०:२८
उद्या सकाळी येतोय तो. हुक कमरेच्या उंचीवर लावायला सांगते.